सत्तरीनंतर टुंड्राच्या दारी

चौतीस वर्षे मी साताऱ्यातील एका शाळेत भूगोल शिकवला. ‘टुंड्रा प्रदेश’ हा धडा दरवर्षी येई आणि दरवर्षी मी फळ्यावर त्याच चार ओळी लिही : कडाक्याची थंडी, अल्पकाळ उन्हाळा, शेवाळ व दगडफूल, रेनडिअर. दगडफूल हा शब्द उच्चारला की वर्गातील एखादी मुलगी हमखास विचारी, “बाई, गोड्या मसाल्यात घालतात तेच का?” मी म्हणे, “त्याच कुळातले.” मग वर्ग हसे आणि धडा पुढे सरके. जो प्रदेश मी इतकी वर्षे शिकवला, तो कधी डोळ्यांनी पाहीन असे मला वाटले नव्हते. निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तो योग आला.

आमचा मुलगा गेली अकरा वर्षे ऑस्लोमध्ये नोकरी करतो. त्याच्याकडे उन्हाळ्यात गेलो असता त्याने आठ दिवसांचा बेत आखला : नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिक महासागरातील स्वालबार्ड द्वीपसमूह आणि तेथील लाँगिअरब्येन हे गाव. माझे यजमान शहात्तर वर्षांचे, नऊ वर्षांपूर्वी बायपास झालेले, रक्तदाबाच्या गोळ्या नियमित चालू. साताऱ्याहून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारले होते. त्यांनी तपासण्या करून परवानगी दिली, मात्र एक वाक्य बजावून सांगितले, “थंडी वाजते असे हे म्हणतील याची वाट पाहू नका, तुम्हीच लक्ष ठेवा.” त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नाही. तो कसा कळला, हेच या लेखात सांगायचे आहे.

या प्रवासामागे आणखी एक न बोललेला विषय होता. मुलाने दोनदा सुचवले होते, “आई, बाबा, आता इकडेच या.” आम्ही दोन्ही वेळा विषय टाळला होता. म्हातारपण कोठे आणि कोणाच्या आधाराने काढायचे, हा प्रश्न आमच्याबरोबर विमानात बसलेला होता.

झाडे नसलेली भूमी

ऑस्लोहून लाँगिअरब्येनला पोहोचण्यास विमानाने सुमारे तीन तास लागतात. हे गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. वस्ती सुमारे अडीच हजार. १९०६ साली जॉन मनरो लाँगिअर या अमेरिकन उद्योजकाने येथे कोळशाची खाण काढली आणि त्याच्याच नावाने गाव वसले. स्वालबार्डविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९२० मध्ये झाला. त्यावर सही करणाऱ्यांत तत्कालीन हिंदुस्थानचेही नाव आहे. या बेटांवर राहण्यासाठी भारतीयाला वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र वाट नॉर्वेतून जाते आणि त्यासाठीचा व्हिसा लागतोच.

विमानतळाबाहेर पाऊल टाकले तेव्हा जुलै महिना होता आणि पारा ५ अंश सेल्सिअसवर होता. समोर मातकट तपकिरी डोंगर, त्यांच्या घळींत साचलेला बर्फ आणि पायथ्याशी हिरवट ओलसर मैदान. काहीतरी चुकते आहे असे डोळ्यांना सारखे वाटत राहिले. थोड्या वेळाने उमगले की दृष्टीच्या टप्प्यात एकही झाड नाही.

वर्षातील सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमान शून्याच्या वर, पण १० अंशांच्या खाली राहते, त्या हवामानाला भूगोलात टुंड्रा म्हणतात. एवढ्या उबेत झाडाचे खोड वाढू शकत नाही. त्यात जमिनीखाली कायमची गोठलेली माती. लाँगिअरब्येनच्या दरीत ती सुमारे शंभर मीटर खोल आहे, तर डोंगरांत त्याच्या कित्येक पट खोल जाते. उन्हाळ्यात तिचा वरचा मीटर-दीड मीटर थर तेवढा वितळतो. पाणी खाली मुरू शकत नाही, म्हणून वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस व बर्फ पडूनही पायाखालची जमीन चिखलाची. इतका कमी पाऊस आपल्याकडे दुष्काळी भागातही क्वचितच पडत असेल. घरेही थेट जमिनीवर बांधत नाहीत. खांबांवर उचलून बांधतात, नाहीतर घराच्या उबेने खालची माती वितळून घरच खचेल.

दुसऱ्या दिवशी मुलाने मला एका ठिकाणी वाकायला सांगितले. मातीला चिकटून नखाएवढ्या गोल पानांची वेल पसरली होती. “आई, हे इथले झाड,” तो म्हणाला. तो ध्रुवीय विलो होता. विलो म्हणजे आपला वाळुंज. आमच्या कृष्णाकाठी वाळुंजाची झाडे डोक्यावर सावली धरतात. त्यांचा हा भाऊबंद येथे जमिनीपासून दोन-चार सेंटिमीटरही उठत नाही. वर उठला तर वारा त्याला सुकवून टाकेल, खाली राहिला तर जमिनीलगतची थोडी ऊब आणि हिवाळ्यात बर्फाचे पांघरूण मिळते. जवळच एका वनस्पतीची हिरवी, गोल, उशीसारखी गादी होती आणि तिच्यावर गुलाबी फुले. अशा गाद्यांच्या आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा चांगलेच जास्त असते. पाने एकमेकांना बिलगून बसतात आणि वाऱ्याला आत शिरू देत नाहीत. स्वालबार्डचे रेनडिअरही तसेच : आखूड पाय, बुटके अंग, दाट लोकर. शरीराचा पसारा जितका आटोपशीर, तितकी उष्णता कमी निसटते.

पक्ष्यांपैकी एकाने आमची चांगलीच दाणादाण उडवली. ध्रुवीय सुरय हा पक्षी दरवर्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे आणि परत असा प्रवास करतो. त्याचे घरटे जमिनीवर असते आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर तो थेट चोच मारतो. सर्वांत उंच बिंदूवर तो हल्ला करतो, म्हणून हातातील काठी डोक्याच्या वर धरून चालावे असे आम्हांला सांगण्यात आले. यजमानांची चालण्याची काठी अशा कामी येईल असे त्यांना कधी वाटले नसेल. काठी उंचावून, पुटपुटत चाललेले ते दृश्य मी विसरणार नाही.

मावळत नसलेला सूर्य

लाँगिअरब्येनला साधारण २० एप्रिलपासून २२ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नाही. तो आकाशात गोल फिरत राहतो. रात्री एक वाजता आमच्या खोलीत दुपारसारखे ऊन होते. पहिल्या दोन रात्री यांना झोप आली नाही. मध्यरात्री उठून “चहा कर” म्हणू लागले. म्हातारपणी झोप आधीच हलकी झालेली असते. अंधार पडला की मेंदूला झोपेची सूचना मिळते आणि येथे अंधारच नाही.

सूनबाईंनी उपाय सांगितला, तो येथील लोकांचाच आहे. खिडक्यांना जाड काळे पडदे. रात्रीचे जेवण ठरल्या वेळी, मग दिव्यांचा उजेड मंद. आणि सकाळी उठल्याबरोबर पडदे उघडून उजेडात अर्धा तास फिरणे. तिसऱ्या रात्री हे शांत झोपले. गोळ्यांचीही वेळ आम्ही घड्याळावर बांधली, सूर्यावर नाही. आठवड्याची कप्प्यांची डबी आणि फोनचा गजर. परदेशी जाताना वेळ काही तासांनी बदलते, तेव्हा कोणती गोळी कधी घ्यायची हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

हिवाळ्यात याच्या उलट. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. डोंगरांच्या आडोशामुळे गावात ऊन पोहोचण्यास ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी सारे गाव जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी जमते आणि पहिल्या किरणाची वाट पाहते. जुने रुग्णालय आता नाही, पायऱ्या मात्र ठेवल्या आहेत. आपण संक्रांतीला सूर्याचे स्मरण करतो. येथे तर तो खरोखरच चार महिन्यांनी परत येतो.

त्या काळोखात माणसे मन कसे सांभाळतात, असे मी आमच्या निवासाच्या व्यवस्थापक बाईंना विचारले. त्या म्हणाल्या की त्या वेळापत्रक सोडत नाहीत. ठरल्या वेळी उठतात, घरात भरपूर दिवे लावतात, डोक्याला दिवा बांधून रोज बाहेर फिरतात आणि आठवड्यातून दोनदा समूहगायनाला जातात. “एकटे घरात बसायचे नाही, हा नियम,” एवढेच त्या म्हणाल्या. नॉर्वेत आणखी एक जुनी रीत आहे : ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ आहे, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, त्या महिन्यांत माशाच्या यकृताचे तेल चमचाभर घ्यायचे. ऊन नसल्याने त्वचेत तयार न होणारे ड जीवनसत्त्व त्यातून मिळते. मला आपल्याकडची घरी बसून असलेली वृद्ध माणसे आठवली. दाराबाहेर बाराही महिने ऊन आणि आत त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी. आपल्याकडे ऊन आहे, पण खुर्ची अंगणात नेऊन ठेवणारा कोणी हवा.

बोटीवरची ती दुपार

पाचव्या दिवशी आम्ही बोटीने नॉर्डनशेल्ड ही हिमनदी पाहावयास निघालो. आमचा निवास दरीच्या वरच्या टोकाला होता. न्यायला गाडी येणार होती, पण हे म्हणाले, “उतारच तर आहे, चालत जाऊ.” मुलाने आग्रह मोडवला नाही. जाड कोट घालून आम्ही तास-सव्वा तास झपाझप चाललो. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा यांच्या कपाळावर घाम होता.

बोट सुटली. हे वरच्या उघड्या भागातून हलेनात. निळसर बर्फाची भिंत, पाण्यावर तरंगणारे तुकडे, दूर खडकावर एक सील. वारा बोचरा होता. दोनेक तासांनी मी खाली जेवायला बोलावले, तर हे “नको” म्हणाले. हातमोजा काढून त्यांनी कोटाची गुंडी लावण्याचा प्रयत्न केला, ती लागेना. मी लावून दिली. काही विचारले तर उत्तर उशिरा आणि थोडे अडखळत आले. मला वाटले, थकले असतील, वय झाले, झोपही नीट झालेली नाही. मुलालाही तसेच वाटले.

बोटीवरील मार्गदर्शक पंचविशीतील मुलगी होती. ती जवळून गेली, थांबली आणि यांच्याकडे बघत तिने मला विचारले, “हे नेहमी असेच बोलतात का?” मी म्हणाले, “नाही.” पुढच्या दोन मिनिटांत तिने आम्हांला खालच्या उबदार खोलीत नेले. कोट उघडला आणि मला धक्का बसला. आतला सुती बनियन घामाने ओला गार झाला होता. त्यावरचा सदराही दमट.

तिने जे केले ते क्रमाने सांगते, कारण ते प्रत्येक घरी ठाऊक असावे. ओले कपडे पूर्ण काढले. कोरडा लोकरी सदरा घातला, डोक्याला लोकरी टोपी आणि छाती, पोट, मान यांवर ब्लँकेट गुंडाळले. हातपाय चोळू दिले नाहीत. मी सवयीने तळवे चोळायला घेतले, तर तिने माझा हात धरला. आधी धडाला ऊब द्यायची. हातापायांकडचे गार रक्त जोराने हृदयाकडे ढकलायचे नाही. हे पूर्ण शुद्धीवर आहेत, नीट गिळू शकतात, याची खात्री करून तिने कोमट गोड पेय घोट घोट दिले. कोणीतरी थोडी दारू सुचवली, तिने स्पष्ट नकार दिला. दारूने ऊब वाटते, पण कातडीकडील रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता अधिकच निघून जाते. चालू-फिरू दिले नाही. अर्ध्या तासाने यांना कापरे भरले, तेव्हा मी घाबरले. ती हसून म्हणाली, “हे चांगले लक्षण. शरीर पुन्हा कामाला लागले.”

तासाभरात हे नेहमीसारखे बोलू लागले. संध्याकाळी गावातील रुग्णालयात दाखवले. सारे ठीक होते. डॉक्टर म्हणाले की शरीराचे तापमान उतरू लागले होते, वेळेत लक्षात आले. रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवर ट्रॉम्सोला हलवावे लागते आणि ते समुद्रापलीकडे हजारेक किलोमीटरवर आहे. त्या रात्री पडद्यामागे ऊन असताना मी बराच वेळ जागी होते. चौतीस वर्षे थंडी शिकवलेली मी, शेजारी उभ्या माणसाची थंडी मला ओळखता आली नव्हती.

थंडी आपल्याकडेही येते

वयाबरोबर शरीराची थंडी ओळखण्याची आणि तिच्याशी झुंजण्याची ताकद घटते. कातडीखालची चरबी व स्नायू कमी होतात, कापरे उशिरा भरते किंवा भरतच नाही आणि गारठा जाणवतही नाही. रक्तदाबावरील काही गोळ्यांनी हातपाय गार पडतात. झोपेच्या गोळ्या, मधुमेह, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी यांमुळे धोका वाढतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. म्हणून “मला थंडी वाजत नाही” हे वृद्ध माणसाचे बोलणे पुरावा मानू नये.

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले तर ती तातडीची अवस्था आहे. यासाठी ध्रुवावर जावे लागत नाही. निफाडला किंवा महाबळेश्वरला पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा फरशीवर पातळ सतरंजीवर झोपलेली, पहाटे गार पाण्याने आंघोळ करणारी किंवा रात्री अंथरूण ओले होऊन तशीच पडून राहिलेली म्हातारी माणसे याच वाटेवर असतात. गुंड्या लावता न येणे, शब्द अडखळणे, पाय लटपटणे, उगाच गुंगी, गोंधळलेले बोलणे, पोट हाताला गार लागणे, ही लक्षणे दिसली तर “वयामुळे” म्हणून सोडू नका. कोरडे करा, धडाला ऊब द्या आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर ठेवू नका. संवेदना कमी असल्याने भाजते आणि कळतही नाही.

कपड्यांचा धडाही मी तेथेच शिकले. अंगाला लागून लोकर किंवा घाम बाहेर सोडणारे कापड, त्यावर उबेचा थर, सर्वांत वर वारा अडवणारा. सुती कापड आपल्या उन्हाळ्याचे सोबती, पण गारठ्यात घाम धरून ठेवते आणि अंगातली ऊब ओढून घेते. घाम येईल इतके चालू नये. आला तर आतला कपडा बदलावा. नॉर्वेत बर्फावरून चालताना वृद्ध मंडळी बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या लावतात आणि छोटी पावले टाकतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण ओली फरशी आहे. न्हाणीघरातील खरखरीत पायपुसणे आणि भिंतीचा दांडा हेच आपले खिळे.

जेथे वार्धक्य राहत नाही

उरलेले दिवस आम्ही गावातच हिंडलो. खाणकामगारांच्या काळापासून येथे एक रीत आहे : निवासात, संग्रहालयात शिरताना पादत्राणे दाराशी काढायची, म्हणजे कोळशाची काजळी आत येणार नाही. यांना त्यामुळे अगदी घरी आल्यासारखे वाटले. डोंगराच्या कुशीत जागतिक बियाणे भांडाराचे दार पाहिले. २००८ साली उघडलेल्या या भांडारात उणे १८ अंशांत जगभरच्या पिकांचे बियाणे जपले आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट या संशोधन संस्थेने ठेवलेली ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर तेथे आहे, हे ऐकून मला उगाच भाकरीची आठवण झाली. आणखी उत्तरेला, न्यू-ऑलेसुंड येथे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. आम्हांला तेथे जाता आले नाही, पण त्या दिशेला तोंड करून हे थोडा वेळ उभे राहिले.

गावाच्या वरच्या अंगाला जुनी दफनभूमी आहे. पांढऱ्या क्रुसांमध्ये सात क्रूस १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मेलेल्या तरुणांचे आहेत. ते खाणीत काम करण्यासाठी जहाजाने येत होते. त्या विषाणूचा माग काढण्यासाठी १९९८ मध्ये संशोधकांनी त्या कबरी उघडल्या होत्या. गोठलेल्या मातीत देह विघटित होत नाहीत, म्हणून १९५० पासून येथे शवपेटी पुरत नाहीत. “लाँगिअरब्येनमध्ये मरण्यास बंदी आहे” असे गमतीने सांगतात. तसा कायदा नाही. पण खरी गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी आहे. येथे वृद्धाश्रम नाही, घरी येऊन शुश्रूषा करण्याची सोय नाही. गरोदर बाईला प्रसूतीच्या सुमारे तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर जावे लागते. ज्याला स्वतःचा भार स्वतः उचलता येत नाही, त्याला हे गाव सोडावे लागते. रस्त्यावर लहान मुले भरपूर दिसली. सत्तरी ओलांडलेले आम्ही दोघेच.

व्यवस्थापक बाई साठीच्या होत्या. अठ्ठावीस वर्षे येथे काढलेल्या. मी विचारले, “पुढे काय?” त्या शांतपणे म्हणाल्या, “बहिणीच्या गावी लहान घर घेऊन ठेवले आहे. गुडघे सांगतील त्या वर्षी जाईन.” या गावात राहणाऱ्या प्रत्येकाला आपल्या जाण्याचा विचार आधीच करावा लागतो. आमच्याकडे तो विषय काढणे अशुभ मानतात.

सगळा टुंड्रा असा नाही. स्वालबार्डवर मूळ रहिवासी नव्हते. कॅनडाच्या उत्तरेस इनुइट लोक शतकानुशतके राहत आले आहेत आणि त्यांच्यात वृद्धांना मोठा मान. पण तेथेही स्मृतिभ्रंश झालेल्या अनेक वृद्धांना, जवळ सोय नसल्याने, दोन हजार किलोमीटरवरच्या ओटावासारख्या शहरात पाठवावे लागले आहे. परकी भाषा, परके अन्न, भोवती ओळखीचे कोणी नाही. सोय आहे तेथे आपली माणसे नाहीत, आपली माणसे आहेत तेथे सोय नाही. हा पेच ध्रुवापुरता नाही. साताऱ्यातील आमच्या गल्लीत अकरा घरांत फक्त म्हातारी जोडपी राहतात.

ही भूमीही आता पूर्वीसारखी स्थिर राहिलेली नाही. स्वालबार्डचे तापमान जगाच्या सरासरीच्या कित्येक पट वेगाने वाढते आहे. हिवाळ्यात पाऊस पडून बर्फावर काचेसारखा थर होतो आणि रेनडिअरला खालचे गवत मिळत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये गावावर हिमकडा कोसळून दोघांचा बळी गेला. त्यानंतर धोक्याच्या उतारावरील घरे पाडून माणसे हलवण्यात आली. जमीन बदलली तर घर बदलावे लागते, हे येथील लोकांनी मान्य केले आहे.

शेवटच्या रात्री अकरा वाजता, लख्ख उन्हात, आम्ही चौघे टेबलाभोवती बसलो. विषय यांनीच काढला. “बोटीवर तुझी आई शेजारी होती, तरी कळले नाही,” ते मुलाला म्हणाले. “एकटा असतो तर?” कोणी काही बोलले नाही. मग सूनबाईंनी वही पुढे ओढली.

आम्ही दोघे हिंडते-फिरते आहोत तोवर साताऱ्यातच राहणार. आमचे डॉक्टर, आमचे मित्र, आमची भाषा तेथे आहे. रोज सकाळी नऊ वाजता शेजारच्या काकूंना एक फोन, न आल्यास त्या दार वाजवतील. एक किल्ली त्यांच्याकडे. औषधांची यादी आणि कागदपत्रे एका पिशवीत, कपाटाच्या पहिल्या कप्प्यात. आणि दोघांपैकी एक मागे राहिले, तर राहिलेल्याने हट्ट न करता मुलाकडे जायचे. हे शेवटचे वाक्य लिहिताना सूनबाईंचा हात थांबला. यांनी स्वतः ते सांगून लिहवून घेतले. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.

घरी परतल्यावर मी पहिली गोष्ट केली ती यांच्यासाठी दोन लोकरी बनियन विकत घेतले. महाबळेश्वरकडून वारा येऊ लागला की ते कपाटाबाहेर निघतात. “साताऱ्यात कशाला?” असे हे दरवेळी म्हणतात आणि मी काही न बोलता त्यांच्या पाठीवर हात ठेवून पाहते, आतला कपडा कोरडा आहे ना.